रिपोर्टमध्ये गुठळी अजून दिसते, मग मी बरी झाले की नाही?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३८ वर्षांच्या आहेत. डावा घोटा मोडल्यामुळे त्यांच्या पायाला प्लास्टर होतं. चौथ्या आठवड्यात पोटरी ठणकायला लागली. हाडाचंच दुखणं असेल असं समजून त्यांनी आठवडाभर अंगावर काढलं. मग मांडीपर्यंत पाय सुजला आणि डॉप्लर सोनोग्राफीत गुडघ्याच्या वरपर्यंत खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तेव्हा चालू असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. आता चार महिने झाले आहेत. हाड जुळलंय, पायावर पूर्ण वजन टाकायला परवानगी आहे. पण परवाच्या सोनोग्राफीत ‘जुनी गुठळी शिल्लक, प्रवाह काही अंशी सुरू’ असं आलं आणि तेव्हापासून त्या पुन्हा अंथरुणाला खिळल्या आहेत. चाललं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाईल, असं त्यांना वाटतं. सासूबाईंचंही तेच म्हणणं. पती म्हणतात, आता हे सगळे मनाचे खेळ आहेत. संध्याकाळी पाय भरून येतो, रात्री दचकून जाग येते आणि उशाखालचा ऑक्सिमीटर बोटाला लावून बघितल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही. सात वर्षांच्या मुलीला त्यांनी चार महिन्यांत मांडीवर घेतलेलं नाही. सहा महिने झाले की गोळ्या थांबवू, असं डॉक्टर म्हणालेत, त्याचीही धास्ती आहे. दाबाच्या लांब मोज्यांबद्दलही त्यांनी विचारलंय. त्यांचे मुख्य प्रश्न असे: गुठळी पूर्ण विरघळेपर्यंत मी पडूनच राहायला हवं ना? आणि मी पूर्वीसारखी कधी होणार?

उत्तर:

आधी पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. नाही, पडून राहायचं नाही. हाडाच्या डॉक्टरांची परवानगी आहे, गोळ्या तुम्ही न चुकता घेताय, तर चालायचं, आणि आजपासून चालायचं. पण नुसतं ‘चाला’ म्हटल्याने तुमचं पाऊल उचलणार नाही, हे मला कळतं. तुम्ही घाबरलाय त्याला कारण आहे. फक्त ते कारण जिथे आहे असं तुम्हाला वाटतंय, तिथे ते नाही.

तुमच्या सगळ्या पत्रामागे एक समजूत आहे: गोळ्या गुठळी विरघळवतात, आणि गुठळी अजून दिसतेय म्हणजे उपचार फसले. मुळात या गोळ्यांचं काम वेगळं आहे. त्या रक्त गोठण्याची प्रक्रिया मध्येच अडवतात, त्यामुळे आहे ती गुठळी वाढत नाही आणि नवी सहसा होत नाही. जुनी गुठळी साफ करायचं काम शरीर स्वतः करतं, रक्तातल्याच प्लाझ्मिन नावाच्या द्रव्याच्या मदतीने. ते काम सावकाश चालतं, कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते पूर्ण होतही नाही. जे उरतं ते शिरेच्या भिंतीला चिकटून घट्ट, तंतुमय होतं आणि त्याच्या मधून, कडेने रक्त वाट काढतं. जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, तसा हा शिरेच्या आतला वण समजा. तुमच्या रिपोर्टमधल्या ‘प्रवाह काही अंशी सुरू’ या शब्दांचा अर्थ हाच आहे. ती ओळ तुम्ही वाईट बातमी म्हणून वाचलीत, पण त्यात बंद पडलेल्या शिरेतून रक्त पुन्हा वाहू लागल्याची बातमी आहे. गुडघ्याच्या वरच्या गुठळीनंतर सहा महिन्यांनीही निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या सोनोग्राफीत काहीतरी शिल्लक दिसतं. त्यातले बरेच जण तोवर रोजच्या कामाला लागलेले असतात.

तो रिपोर्ट मात्र नीट जपून ठेवा. पुढे कधी त्याच पायात दुखलं आणि पुन्हा सोनोग्राफी करावी लागली, तर दिसतंय ते जुनंच आहे की नवीन, हे ठरवायला डॉक्टरांना त्याच रिपोर्टचा आधार होतो. तो हाताशी नसला तर जुन्या वणालाच नवी गुठळी समजून पुन्हा उपचार सुरू होण्याची शक्यता असते. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा.

आता गुठळी सुटण्याची भीती. ती निराधार नाही, पण तिचा काळ मागे पडला आहे. ताजी गुठळी मऊ असते, भिंतीला नीट धरलेली नसते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. हा धोका सर्वांत जास्त असतो तो उपचार सुरू होण्याआधी आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत. नियमित गोळ्या घेऊन चार महिने झाल्यावर शिरेत जे उरलंय ते भिंतीला धरून बसलेलं असतं, चालण्याच्या धक्क्याने ते निघून येत नाही. आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांचंही सांगते. गोळ्या-इंजेक्शन सुरू झाल्यावर लगेच चालायला लागलेले रुग्ण आणि अंथरुणावर ठेवलेले रुग्ण यांची तुलना अभ्यासांत झाली आहे. चालणाऱ्यांच्या फुप्फुसात जास्त गुठळ्या गेल्या, असं काही आढळलं नाही. उलट त्यांचं दुखणं आणि सूज लवकर उतरलेली दिसली.

म्हणून तुमच्या सासूबाईंशी या मुद्द्यावर वाद घालू नका. एके काळी पायात गुठळी झालेल्याला दिवसचे दिवस हलू न देणं हाच वैद्यकीय सल्ला होता, आणि त्यांनी तो कुठेतरी ऐकलेला किंवा पाहिलेला असणार. तो आता बदलला आहे, हे त्यांना सुनेकडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकू द्या. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि त्यांच्या समोरच विचारा, ‘मी किती चालू?’ घरातल्या मोठ्या माणसाची काळजी अशा वेळी फार कामाची असते, तिला फक्त योग्य काम द्यावं लागतं. ‘पडून राहा’ म्हणणाऱ्या सासूबाई ‘गोळी घेतलीस का?’ विचारणाऱ्या झाल्या, तर तुमचा अर्धा भार हलका होईल.

पत्रात तुम्ही मध्येच एक वाक्य लिहून पुढे गेला आहात: ‘तो आठवडा मी फुकट घालवला, चूक माझीच आहे.’ मला ते वाक्य तसंच सोडवत नाही. प्लास्टरमध्ये असलेला पाय दुखतो, सुजतो, जड होतो. मोडलेलं हाड आणि गुठळी दोन्हींची तक्रार सुरुवातीला जवळजवळ सारखीच असते. नुसतं बघून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर सोनोग्राफी लागते. गुठळी का होते, याची तीन कारणं रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने आजही शिकवली जातात. १८५६ साली त्यांनी या विषयावर मोठं लेखन केलं होतं. रक्ताचा वेग मंदावणं, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं, ही ती तीन कारणं. तुमचा पाय प्लास्टरमध्ये स्थिर होता, घोट्याला मार बसलेला होता, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. त्यात तुमचा आळस कुठे आला? निष्काळजीपणा कुठे आला? या तिन्ही गोष्टी आता तुमच्या आयुष्यातून गेल्या आहेत हेही लक्षात ठेवा, कारण गोळ्या थांबवायच्या प्रश्नाकडे वळल्यावर ते फार महत्त्वाचं ठरणार आहे.

त्याआधी पायाबद्दल. संध्याकाळी तो भरून का येतो? पायातलं रक्त हृदयाकडे वर चढायला हवं आणि ते चढवण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली जाते, शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, आणि ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. गुठळीने त्यांतल्या काही झडपा खराब केलेल्या असतात, शिवाय वाटही थोडी अरुंद झालेली असते. म्हणून दिवसभरात पाणी खाली साठतं. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा राहतो, सकाळी तो नसतो. ही नव्या गुठळीची खूण नव्हे. झडपा पुन्हा पहिल्यासारख्या करणारं औषध नाही, पण पोटरीचा स्नायू मात्र तुमच्या हातात आहे, आणि चार महिन्यांच्या पडून राहण्याने तोच सर्वांत जास्त खंगला आहे.

सुरुवात घरातच करा. एका भक्कम खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहा. दोन्ही टाचा सावकाश वर उचला. पोटरी कडक झालेली तुम्हाला जाणवेल, डाव्या पायाची उजवीपेक्षा जरा कमी. क्षणभर थांबा आणि उचलल्या त्याहून सावकाश टाचा खाली टेकवा. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा केलंत तरी पुरे. बसल्या जागी टाच टेकून पंजा वर-खाली करणं, घोट्यातून पाऊल गोल फिरवणं हे दिवसातून कितीही वेळा चालेल. चालणं सपाट जागी दहा मिनिटांपासून सुरू करा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि पाय सोसेल तसं दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवा. थोडं जडावणं, ओढ लागणं, थकवा येणं हे होणारच, विसावा घेतल्यावर ते उतरलं की समजा ठीक आहे. एकाच जागी तासन्‌तास उभं राहणं किंवा पाय खाली सोडून बसून राहणं हे चालण्यापेक्षा जास्त त्रासदायक असतं. दुपारी आणि रात्री पंधरा-वीस मिनिटं आडवं पडून पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. उशी पोटरीखाली लांब घ्या, नुसती गुडघ्यामागे नको, तिथे दाब पडून उलट रक्त अडतं. सूज आहे म्हणून पाय रगडून घेण्याची इच्छा होते, घरातलं कुणी प्रेमाने पुढेही होतं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटरी जोराने चोळू-रगडू देऊ नका.

सूज वाढतेय की कमी होतेय, हे डोळ्यांनी ठरवायला जाल तर रोज घाबराल. एक कापडी टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही पायांचा घेर आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या मोजून वहीत लिहा. रोज मोजू नका. दोन पायांत थोडा फरक राहणारच, बघायचं आहे ते महिन्याभरात तो कमी होतोय का. पण एखाद्या दिवशी फरक अचानक वाढला, पोटरी दाबल्यावर दुखायला लागली, पाय गरम किंवा लाल-निळसर झाला, किंवा हे सगळं दुसऱ्या पायात सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दाबाच्या लांब मोज्यांबद्दल तुम्ही विचारलंय. पूर्वी ते दोन वर्षं घातलेच पाहिजेत, नाहीतर पाय कायमचा खराब होतो, असं सांगितलं जायचं. २०१४ मध्ये आठशेवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खरे मोजे आणि दाब नसलेले नकली मोजे यांच्यात पाय खराब होण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांवरून तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत. माझं मत असं की मोजे घातल्यावर पाय हलका वाटत असेल तर जरूर घाला, नकोसे वाटत असतील तर अपराधी वाटून घेऊ नका. घालायचे तर घोट्याचं आणि पोटरीचं माप देऊनच घ्या, आणि सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी चढवा. एकदा पाय भरला की ते चढतच नाहीत. टाचेपर्यंतचा भाग आतून बाहेर उलटा करून आधी पाऊल आणि टाच बसवायची, मग उरलेला मोजा घडी न पडू देता वर सरकवत न्यायचा. बोटं निळी पडली किंवा बधीर झाली तर लगेच काढायचे. मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्यांचा विकार असेल, तर डॉक्टरांनी पायातली नाडी तपासल्याशिवाय घालूच नयेत.

‘पूर्वीसारखी कधी होणार?’ याचं खोटं उत्तर मी देणार नाही. मांडीपर्यंतच्या गुठळीनंतर, उपचार नीट होऊनही, शंभरातल्या वीस ते पन्नास जणांना पुढे पायाची काही ना काही तक्रार राहते: जडपणा, संध्याकाळची सूज, खाज, गोळे येणं. बहुतेकांना ती सौम्य असते, मोजक्या लोकांना त्रासदायक होते. चालता ठेवलेला पाय, आटोक्यात ठेवलेलं वजन आणि न चुकवलेल्या गोळ्या यांचा फायदा होतो. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी, कडक होऊ लागली किंवा तिथली छोटी जखम भरेना झाली, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायला उशीर करू नका. पण चार महिन्यांच्या पायावरून पुढच्या सगळ्या वर्षांचा निकाल लावू नका. सुधारणा वर्ष-दीड वर्षापर्यंतही चालू राहते, आणि तुमच्या पायाला अजून नीट संधीच मिळालेली नाही.

आता रात्रीबद्दल. तुमचे पती म्हणतात तसे हे मनाचे खेळ नाहीत. स्वतःच्याच पायात जीव घेऊ शकेल असं काहीतरी होतं आणि आपल्याला आठवडाभर पत्ताही लागला नाही, हा अनुभव घेतलेलं माणूस आपल्या शरीरावर पुन्हा विश्वास ठेवायला वेळ घेतं. प्रत्येक कळ तपासून बघावीशी वाटणं, रात्री श्वासाकडे लक्ष जाणं, रुग्णालयातली ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, हे गुठळीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये आढळतं. तो आजाराचाच भाग आहे आणि त्यालाही उपचार आहे.

ऑक्सिमीटरने मात्र तुमचं भलं होत नाहीये. फुप्फुसात गुठळी गेलेल्या काही रुग्णांचा ऑक्सिजन अगदी ठीक दिसू शकतो, आणि बोटं गार असली किंवा नखांना रंग असला तर चांगल्या माणसाचा आकडाही कमी दिसू शकतो. म्हणजे तो ना खात्रीने धीर देऊ शकतो, ना खात्रीने सावध करू शकतो. प्रत्येक वेळी आकडा बघून मिळणारी सुटका काही मिनिटं टिकते आणि पुढच्या वेळी बघण्याची गरज आणखी पक्की करते. तो उशाखालून काढून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवा. त्याच्या जागी एक कागद ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, काही कारण नसताना छातीत सुरू झालेली आणि न थांबणारी धडधड. खाली जवळच्या रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर लिहा. दचकून जाग आली की कागद वाचायचा. यातलं काही असेल तर घरातल्यांना उठवायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. यातलं काही नसेल तर पाणी प्यायचं आणि पडायचं. भीतीने होणारी धडधड आणि खरी धडधड यांत कधी कधी फरक करता येत नाही, त्यामुळे शंका आली आणि तुम्ही धावत गेलात, तपासणीत काही निघालं नाही, तर लाज वाटून घेऊ नका. तिथल्या डॉक्टरांनाही अशा वेळी तुम्ही आलेलंच हवं असतं. पण महिन्याभरात झोप सुधारली नाही, चालायला पाऊल उचलेचना, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथे औषध घ्यायचं ठरलं, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे हे आधी सांगा. नैराश्यावरच्या काही औषधांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते.

पतींना हे पत्र वाचायला द्या. त्यांना समजूत घालायला सांगू नका, संध्याकाळी तुमच्याबरोबर ती दहा मिनिटं चालायला सांगा. आणि मुलीला मांडीवर घ्या. आजच घ्या. तिच्या वजनाने गुठळी सुटत नाही. आई चार महिने आपल्याला जवळ का घेत नाही, याचा काही ना काही अर्थ तिने मनाशी लावलेला असेल आणि तो बहुधा खऱ्या कारणापेक्षा वाईट असेल. ‘माझ्या पायातल्या नळीत रक्त अडकलं होतं, आता ते वाहायला लागलंय, म्हणून मी रोज चालणार आहे’ एवढं सात वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

राहिला प्रश्न गोळ्या थांबवण्याचा. अशा गुठळीला किमान तीन महिने उपचार लागतात. पुढे चालू ठेवायचे की नाही, हे गुठळी का झाली यावर ठरतं, सोनोग्राफीत काय उरलंय यावर तितकंसं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गुठळी झालेल्यांना गोळ्या थांबवल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा ती होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं. काहीच कारण सापडत नाही, त्यांच्यात ते शंभरात दहाच्या आसपास आणि पाच वर्षांत पंचवीसच्या आसपास जातं. तुम्ही या दोन्हींच्या मध्ये आहात, आणि तुमच्याकडची कारणं तात्पुरती होती, आता दूर झालेली आहेत. दुसऱ्या पारड्यात गोळ्यांचा धोका आहे. पूर्ण डोस वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांपैकी दर वर्षी शंभरात साधारण एक-दोघांना गंभीर रक्तस्राव होतो. तुमचे डॉक्टर सहा महिन्यांनी थांबवू म्हणतात ते हा हिशोब करूनच. मला तो तुमच्या बाबतीत पटतो. तरीही भीती जात नसेल तर कमी डोसवर काही काळ राहण्याचा पर्याय आपल्याला लागू होतो का, हे त्यांना विचारा. सहा महिन्यांनंतर अपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबान या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या निम्म्या डोसवर चालू ठेवण्याची पद्धत आहे, पण ती मुख्यतः ज्यांचा धोका कायम आहे अशांसाठी. स्वतःच्या मनाने मात्र ना थांबवा, ना वाढवा.

ज्या वाचकांना काही कारण नसताना गुठळी झाली, ज्यांना ती दुसऱ्यांदा झाली, किंवा ज्यांचे कर्करोगावर उपचार चालू आहेत, त्यांनी वरचा हिशोब स्वतःला लावू नये. त्यांना गोळ्या दीर्घकाळ, कधी कायमच्याही लागतात.

गोळ्या चालू आहेत तोवर काही गोष्टी सांभाळा. रिव्हारोक्साबानची पंधरा आणि वीस मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. अपिक्साबानला ही अट नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासत राहायचं, बहुतेकांसाठी तो २ ते ३ मध्ये हवा. त्यांनी पालेभाज्या बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवलं की पुरतं. डोकं, कंबर दुखली म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन दुकानातून आणून घेऊ नका. पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात चालतं. गोळी चुकली तर काय करायचं, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. डोक्याला मार लागला तर बाहेरून रक्त दिसत नसलं तरी रुग्णालयात जा. शौच डांबरासारखी काळी झाली, लघवीतून रक्त आलं, तरीही तसंच.

पाळीबद्दल बायका बोलत नाहीत, म्हणून वेगळं लिहिते. या गोळ्यांवर पाळीत रक्तस्राव बराच वाढू शकतो. ‘होतं असं’ म्हणून सोसत राहू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, मार्ग निघतो. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने अजिबात घेऊ नका, त्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तुम्ही पुन्हा सुरू करायच्या नाहीत, पण गर्भनिरोधनाचं दुसरं साधन मात्र हवं. रक्त पातळ ठेवणाऱ्या तुमच्या सध्याच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. पुढे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्या काळात त्यांच्याऐवजी रक्त पातळ ठेवणारी हेपारिनची इंजेक्शनं देता येतात.

आणि गोळ्या थांबल्यानंतरचं सर्वांत महत्त्वाचं: यापुढे कधीही शस्त्रक्रिया ठरली, प्लास्टर घालायची वेळ आली, दिवस राहिले किंवा आजारपणात बरेच दिवस पडून राहावं लागलं, तर ‘मला पायात गुठळी झाली होती’ हे समोरच्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं. अशा धोक्याच्या काळापुरतं प्रतिबंधक औषध देता येतं. चार तासांहून लांबच्या प्रवासात मधून मधून उठून चालायचं, बसल्या जागी टाचा उचलायच्या.

पुढच्या भेटीला जाताना ती मोजमापाची वही, दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि तीन प्रश्न लिहून न्या. गोळ्या नक्की कोणत्या तारखेला थांबवायच्या? थांबवल्यावर पहिले काही महिने कोणत्या लक्षणांसाठी तुम्हाला फोन करू? आणि पुढच्या वेळी प्रतिबंधक औषध लागलं तर ते कोण ठरवणार, तुम्ही की शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर? उत्तरं घरी येऊन आठवायला जाऊ नका, तिथेच कागदावर उतरवून घ्या. सासूबाई शेजारी असतीलच.